पेंढा फुकट नसतो : मुरबाडच्या नियोजित ब्रिकेट कारखान्याविषयी

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. मुरबाड तालुक्यात आपली घरची जमीन आहे, शिक्षण अभियांत्रिकीचे आहे आणि कल्याणला राहून गावाकडे दररोज १० टन ब्रिकेट (पेंढा, भुसा वगैरे दाबून केलेले जळणाचे ठोकळे) तयार करणारा कारखाना उभारण्याचा आपला विचार आहे. भाताचा पेंढा आणि माळावरचे गवत ‘जवळजवळ फुकट’ मिळेल असा आपला अंदाज आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातले बॉयलरवाले कारखाने आपल्या नजरेसमोर आहेत. बँक नफ्याचा तक्ता मागते, तर गावातली वडीलधारी माणसे गुरांच्या वैरणीचे काय, असे विचारतात. म्हणून सामाजिक बाजूसाठी नफ्यातला किती टक्के हिस्सा बाजूला ठेवला म्हणजे समतोल साधेल, असे आपण विचारले आहे.

मी ऐरोलीला राहतो. रबाळे, महापे, पावणे या भागांतल्या कारखान्यांसाठी जैविक इंधनाची निवड, चाचणी आणि पुरवठ्याची व्यवस्था लावून देण्याचे काम मी २३ वर्षे करत आहे. त्यांपैकी चार वर्षे मी शहापूरच्या बाजूच्या एका ब्रिकेट कारखान्याची कच्च्या मालाची खरेदी सांभाळली. तो कारखाना चौथ्या वर्षी बंद पडला, आणि खाली जे लिहितो आहे त्यातले बरेचसे मी तिथेच शिकलो.

टक्केवारीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते तो चुकीच्या टप्प्यावर विचारला गेला आहे. नफा हाती येईपर्यंत गावाचे जे भले किंवा नुकसान व्हायचे ते होऊन गेलेले असते. पेंढा कोणाकडून घेतला, कोणत्या भावाने घेतला, पैसे कधी दिले आणि तो पेंढा याआधी कोणाच्या उपयोगी पडत होता, या चार गोष्टींतच सामाजिक बाजू ठरते. त्या चुकल्या, तर पुढे नफ्यातून शाळेला वह्या वाटून त्या दुरुस्त होत नाहीत. त्याच चार गोष्टींवर कारखान्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी माल मिळेल की नाही हेही अवलंबून असते, म्हणून मी त्यांना खर्चाच्या तक्त्याबाहेर ठेवत नाही.

सर्वांत आधी ‘फुकट’ या शब्दाचा विचार करू. आपल्या भागात पेंढ्यावर पहिला हक्क गुरांचा असतो. कापणी-झोडणी झाली की पेंढ्याची उडवी रचली जाते आणि तिच्यावर बैल व दुभती जनावरे उन्हाळा आणि पावसाळ्याचा पहिला भाग काढतात. त्यानंतर राब येतो. पावसाळ्याआधी भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी पालापाचोळा, फांद्या, शेण आणि वाळके गवत लागते, आणि त्यातला काही भाग याच गवत-पेंढ्यातून येतो. डोंगरउतारावरचे गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाते व तो अनेक कुटुंबांचा हंगामी रोजगार आहे. गिरण्यांतला तूस वीटभट्ट्या आणि कोंबडीपालनवाले उचलतात. शिवाय ज्याच्याकडे जमीन नाही पण दोन गाई किंवा चार शेळ्या आहेत, असा माणूस दुसऱ्याच्या खाचरात उरलेला पेंढा मालकाला सांगून घरी नेतो. हा व्यवहार पैशाचा नसल्यामुळे कोणत्याही पाहणीत तो दिसत नाही आणि प्रकल्प-अहवालात त्याची नोंद ‘वापराविना पडून असलेला माल’ अशी होते. गावात वापराविना पडून असलेला माल मला आजवर फार थोडा आढळला आहे.

आपण ठरवलेल्या क्षमतेचा हिशोब याच अंगाने करून पाहावा. दिवसाला १० टन आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ३,००० टन ब्रिकेट होतात; ओलावा, धूळ आणि साठवणुकीतली नासाडी लक्षात घेता त्यासाठी सुमारे ३,५०० टन पेंढा लागेल. एकरी एक ते दीड टन पेंढा धरला तर ही गरज साधारण २,३०० ते ३,५०० एकरांच्या संपूर्ण पेंढ्याएवढी आहे. गुरे, राब आणि घरगुती गरजा भागल्यावर चौथा हिस्सा विक्रीला येईल असे मानले, तर आपल्याला ९,००० ते १४,००० एकरांवर फिरावे लागेल. एवढ्या क्षेत्रातून विखुरलेला, फुगीर आणि हलका माल आणताना टेम्पो वजनाने भरण्याआधी आकाराने भरतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च अंदाजाच्या बाहेर जातो. खर्च वाढला की खरेदीदार जवळच्या गावांत भाव चढवून चौथ्या हिश्श्याऐवजी सगळाच पेंढा ओढू लागतो. गावाचा विरोध नेमका तिथून सुरू होतो, आणि त्याचे मूळ पहिल्या दिवशी ठरवलेल्या यंत्राच्या क्षमतेत असते.

मी खरेदी सांभाळत होतो त्या कारखान्यात असेच घडले. पहिल्या वर्षी शेतकरी आनंदाने पेंढा देत होते. तिसऱ्या वर्षापर्यंत दुसरा एक खरेदीदार आला, भाव दुप्पट झाला आणि जमीन असलेल्या शेतकऱ्यांना त्याचा लाभही झाला, ही गोष्ट मी नाकारणार नाही. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना पूर्वी मागून मिळणारा पेंढा मिळेनासा झाला. एका पाड्यावरच्या बाईने तीनपैकी दोन गाई उन्हाळ्याआधीच विकल्या. ‘तुमच्या काट्यावर आमच्या गाईंचा घास चढला,’ असे ती मला म्हणाली, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते. त्याच सुमारास पेंढा अपुरा पडू लागल्याने काटक्या आणि झुडपेही वजनावर घेण्याचे कारखान्याने ठरवले. बायका मोळी घरी नेण्याऐवजी काट्यावर आणू लागल्या, हाती रोख पैसे आले; परंतु घरच्या चुलीसाठी त्यांना आणखी वर, आणखी लांब जावे लागू लागले. वनहक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनोपजात झुडपी लाकूड आणि बुंधे यांचा उल्लेख आहे आणि ते गोळा करून विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना आहे. त्यामुळे ही खरेदी सरसकट बेकायदा ठरत नाही. पण रानात किती उरते याचा निर्णय ग्रामसभेने करायचा असतो, आणि आमच्याकडे तो काट्यावर बसलेला कारकून करत होता.

जैवऊर्जेच्या क्षेत्रात देशपातळीवरही हीच चूक झालेली आहे. २००३ च्या सुमारास मोगली एरंडापासून बायोडिझेल करण्याची मोठी मोहीम आखली गेली आणि २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. ते गाठता आले नाही, कारण बियांचे उत्पादन अपेक्षेपेक्षा फार कमी निघाले, आणि ज्या जमिनींना ‘पडीक’ म्हटले होते त्यांतल्या अनेक जमिनी चराईच्या आणि सरपणाच्या होत्या. आता २०१८ ची ‘सतत’ (SATAT) नावाची केंद्र सरकारची योजना संपीडित बायोगॅसला चालना देते, आणि २०२१ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के जैविक गोळ्या मिसळण्याचे धोरण आले. या दोन्हींमुळे शेतीतल्या अवशेषांची मागणी वाढते आहे. आपल्या हिशोबात पेंढ्याचा भाव पाच वर्षे स्थिर धरला असेल, तर तो तसा राहणार नाही असे गृहीत धरून तक्ता पुन्हा मांडावा.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे की हे सर्व गावागणिक बदलते. जिथे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर बैल गेले, दुधाची जनावरे कमी झाली आणि तरुण मंडळी कल्याण-अंबरनाथला नोकरीला लागली, तिथे पेंढा खरोखरच उरतो आणि काही ठिकाणी तो बांधावर जाळलाही जातो. तो विकत घेतला तर कोणाच्याही तोंडचे काही हिरावले जात नाही. पण जिथे कातकरी आणि ठाकर पाडे अधिक आहेत आणि गुरे टिकून आहेत, तिथे चित्र उलटे असते. शेजारी नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीने भात घेणारे शेतकरी मुळे आणि धसकटे जमिनीतच ठेवतात, त्यांच्याकडून मिळणारे प्रमाण वेगळे असेल. म्हणून मुरबाडसाठी एकच आकडा मी देऊ शकत नाही. आपण स्वतः १५-२० गावांत जाऊन गेल्या हंगामात कोणाच्या उडव्या कधी संपल्या एवढे विचारले, तरी अंदाज पुष्कळ पक्का होईल. ज्या घरची उडवी ज्येष्ठातच संपली, त्या घरचा पेंढा आपण घेऊ नये. पौषात म्हसा येथे यात्रेचा गुरांचा बाजार भरतो. तिथे फिरलात तर कोणत्या भागात जनावरे टिकून आहेत आणि वैरण काय भावाने मिळते, याची माहिती कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा चांगली मिळेल.

मजुरीचा मुद्दा मी जरा विस्ताराने मांडतो, कारण तोच बहुतेक अहवालांतून सुटतो. अहवालात ‘४० जणांना रोजगार’ असे एक वाक्य असते. पेंढा गोळा करून गाठी बांधण्याचे काम कापणीनंतर, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होते. नेमक्या त्याच वेळी पाड्यांवरची कुटुंबे भिवंडी, कल्याण आणि आसपासच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. आम्ही पहिल्या वर्षी भट्टीपेक्षा अधिक रोज देऊ केला, तरीही माणसे आली नाहीत. कारण नंतर कळले. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपलेले असते, कामही नसते, आणि त्या अडचणीच्या दिवसांत भट्टीचा मुकादम उचल, म्हणजे पुढच्या मजुरीची आगाऊ रक्कम, देऊन गेलेला असतो. दिवाळीला आम्ही जी निवड त्यांच्यापुढे ठेवत होतो ती त्यांच्या हातात उरलेलीच नव्हती. दुसऱ्या वर्षी आम्ही भर पावसात शेडची डागडुजी, गोण्या शिवणे, साठ्याची उलथापालथ अशी कामे काढली, आठवड्याला रोख मजुरी दिली आणि कोणाच्याही डोक्यावर कर्ज ठेवले नाही. त्या वर्षी ११ कुटुंबे भट्टीवर गेली नाहीत आणि त्यांची मुले शाळेत राहिली. चार वर्षांत आमच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम हेच, असे मी आजही मानतो. त्याचा खर्च फार नव्हता, तो फक्त योग्य महिन्यात करावा लागला.

मग कारखाना बंद का पडला, तर उधारीमुळे. आपण दोन बाजूंमधला समतोल विचारला आहे, आणि माझ्या अनुभवात तो बिघडतो तो याच ठिकाणी, म्हणून आकड्यांत सांगतो. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, आपण आपले घालावेत. पेंढा शेतावर किलोला २ रुपये धरला तर ३,५०० टनांचे ७० लाख होतात. ही खरेदी चार महिन्यांत करायची आणि माल बारा महिने वापरायचा, म्हणजे खरेदी संपते तेव्हा ४५ लाखांहून अधिक रक्कम शेडमध्ये पडून असते. ब्रिकेट किलोला साडेसहा रुपयांनी विकले तर दिवसाचा माल ६५,००० रुपयांचा होतो. गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देत असेल, तर सुमारे ५० कामाच्या दिवसांचे, ३२ लाखांहून अधिक रुपये त्याच्याकडे अडकलेले असतात. यंत्रे आणि शेड यांच्या पलीकडे हे जवळजवळ ८० लाखांचे खेळते भांडवल झाले, आणि प्रकल्प-अहवालांत त्यासाठी ठेवलेली रक्कम मी नेहमीच याच्या निम्म्याहून कमी पाहिली आहे.

पैसे कमी पडले की कोणाला थांबवायचे हे ठरवावे लागते. आमच्याकडे बँकेचा हप्ता, विजेचे बिल, डिझेल आणि वाहतूकदार यांचे पैसे वेळेवर जात, कारण ते दुसऱ्याच दिवशी काम बंद पाडू शकत होते. पेंढा देणारे छोटे शेतकरी आणि गाठी बांधणारे मजूर त्या दिवशी काहीच बंद पाडू शकत नव्हते, म्हणून ते रांगेत शेवटी राहिले. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी माल दिला नाही आणि मजूर पुन्हा उचल घेऊन भट्ट्यांवर गेले. यंत्रे निम्म्याहून कमी क्षमतेवर चालू लागली आणि सहा महिन्यांत सर्व संपले. त्या कारखान्याच्या हिशोबात सामाजिक कार्यासाठी स्वतंत्र रक्कम होती व ती शेवटपर्यंत खर्चही होत होती.

म्हणून माझा आग्रह असा की, टक्केवारी ठरवण्याऐवजी देणी देण्याचा क्रम ठरवावा आणि तो बँकेच्या कागदांतही लिहून घ्यावा : मजुरी आठवड्याला, पेंढ्याचे पैसे वजन झाल्यापासून सात दिवसांत, आणि बाकी सर्व त्यानंतर. हे जमावे म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने शिस्त हवी. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, अवश्य करा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहेच, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३ बी (एच) या तरतुदीमुळे उशीर करणाऱ्या खरेदीदाराला त्या रकमेची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच मिळते. महापे-रबाळे भागातले लेखापाल आता हे नीट जाणतात. नवीन पुरवठादार संकोचापोटी याचा उल्लेख करत नाहीत, तो करार करतानाच करावा.

क्षमतेविषयी माझे मत स्पष्ट आहे : दिवसाला तीन टनांपासून सुरुवात करा आणि निव्वळ पेंढ्यावर कारखाना उभा करू नका. याला तांत्रिक कारणही आहे. भाताच्या पेंढ्यात राख १५ ते २० टक्क्यांपर्यंत जाते, सिलिका भरपूर असते आणि पोटॅशियम व क्लोरीनमुळे राख कमी तापमानाला वितळून बॉयलरच्या नळ्यांवर चिकटते, भट्टीत क्लिंकर, म्हणजे राखेचे टणक ढेकूळ, धरतो. लाकडाच्या भुशात राख एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. रबाळ्यात मी स्वतः पेंढ्याच्या ब्रिकेटवर चाललेला एक बॉयलर १२ दिवसांत बंद करून साफ करावा लागलेला पाहिला आहे, आणि त्यानंतर त्या गिऱ्हाइकाने भावात जी कपात मागितली ती अखेर पेंढा देणाऱ्यांच्याच भावातून निघाली. उल्हासनगरच्या फर्निचरच्या कामातून येणारा भुसा आणि भिवंडीच्या गोदामांतली रंग, खिळे व प्लायवुड नसलेली फळकुटे निम्म्याहून अधिक ठेवून त्यात पेंढा मिसळला, तर राख आटोक्यात राहते आणि गावावरचा भारही कमी होतो. अर्थात फळकुटांवरही भंगारवाल्यांचा हक्क असतो. त्यांना वगळून थेट गोदामाशी करार करण्यापेक्षा त्यांच्याकडूनच वेगळा केलेला माल घेणे मला रास्त वाटते, आणि प्लायवुड बाजूला काढण्याचे काम तेच चांगले करतात.

आपल्या शेडचा आणखी एक उपयोग सुचवतो. आषाढात पाड्यांवरची वैरण संपत आलेली असते आणि तालुक्यातला मोठा कोरडा साठा कदाचित आपल्याच शेडमध्ये असेल. त्यातला दहावा हिस्सा खरेदीच्या भावात केवळ हाताळणीचा खर्च मिळवून गुरे पाळणाऱ्यांना परत विकण्याचे लेखी बंधन स्वतःवर घाला, आणि तो कोणाला द्यायचा हे महिला बचतगटांना ठरवू द्या. माल आधीच साठवलेला असल्यामुळे कारखान्याला याचा बोजा फार थोडा पडतो, आणि वडीलधाऱ्यांनी विचारलेल्या वैरणीच्या प्रश्नाला आपल्याकडे देण्यासारखे उत्तर होते.

मोजमापाविषयी थोडेसे. ग्लोबल बायोएनर्जी पार्टनरशिप या आंतरराष्ट्रीय मंचाने २०११ मध्ये २४ निर्देशक प्रसिद्ध केले, पर्यावरण, समाज आणि अर्थ यांसाठी प्रत्येकी आठ. ते देशपातळीसाठी आहेत, सगळे आपल्याला लागणार नाहीत. पण सामाजिक गटातला एक अवश्य घ्या : सरपण गोळा करण्यात स्त्रिया आणि मुलांचा जाणारा विनामोबदला वेळ. कारखाना सुरू होण्याआधी तीन-चार पाड्यांवर मोळीसाठी किती तास जातात ते विचारून लिहून ठेवा आणि दर वर्षी त्याच घरांना पुन्हा विचारा. तास वाढले, तर आपण कोणाच्या तरी चुलीतले इंधन ओढत आहोत असे समजून खरेदी थांबवावी.

ज्या गावांत गुरे गोठ्यात बांधलेली असतात तिथे पेंढा जाळण्यापेक्षा तो गुरांना घालून शेणापासून बायोगॅस करणे अधिक हिताचे ठरू शकते, कारण स्लरीच्या, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या शेणाच्या राबडीच्या, रूपाने खत शेतात परत जाते. साधारण २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. मात्र आपल्याकडची गुरे लहान चणीची असून दिवसभर रानात चरतात आणि निम्मे शेण तिथेच पडते, त्यामुळे हे गोठ्यागणिक तपासावे लागेल.

बँकेसाठी तक्ता करताना पेंढ्याचा भाव आजच्या दीडपट, गिऱ्हाइकाचे पैसे ९० दिवसांनी आणि यंत्रे ६० टक्के क्षमतेवर, असे तिन्ही एकाच वेळी धरून हप्ता निघतो का ते पाहा. निघत नसेल, तर यंत्र लहान करा. मजुरी आणि पेंढ्याचा भाव कमी करून तो तक्ता जुळवू नका. गावे अनुसूचित क्षेत्रात येत असतील तर ग्रामसभेपुढे हाच तक्ता मराठीत ठेवावा, आणि ती बैठक श्रावणाआधी घ्यावी, म्हणजे उचल घेण्यापूर्वी पाड्यावरच्या माणसांना आपले काम माहीत झालेले असेल. गिऱ्हाइकाच्या बॉयलरचा प्रकार आणि आपण निवडलेल्या गावांची नावे येथे लिहिलीत, तर मिश्रणाच्या प्रमाणाविषयी मी अधिक नेमके सांगू शकेन.